ऑलिम्पियाची उपेक्षित मल्लशाळा

पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात, अल्फिओस आणि क्लाडिओस या दोन नद्यांच्या संगमापाशी पसरलेल्या ऑलिम्पियाच्या भग्नावशेषांत आजचा प्रवासी ज्या वाटेने प्रवेश करतो, त्या वाटेवर उजव्या हाताला सर्वप्रथम जे लागते ते झ्यूसचे देवालय नव्हे, विजेत्यांच्या पुतळ्यांचे चौथरे नव्हेत, आणि ज्याच्या दर्शनासाठी तो हजारो मैलांचे अंतर तोडून आलेला असतो ते धावण्याचे मैदानही नव्हे. तेथे लागते ती प्राचीन व्यायामशाळा आणि तिला दक्षिणेकडून भिडलेली मल्लशाळा, जिला ग्रीक लोक पॅलेस्ट्रा म्हणत. तथापि वाटाडे या ठिकाणी दोन-चार वाक्यांपलीकडे थांबत नाहीत. सर्वांनाच त्या कमानदार बोगद्यातून पलीकडच्या मैदानावर उतरण्याची, तेथील दगडी आरंभरेषेवर पाय रोवण्याची आणि छायाचित्र काढून घेण्याची त्वरा झालेली असते. ही त्वरा मी अनुभवली आहे आणि तिच्यामागचा उत्साह मला कळतो. परंतु ज्याला ग्रीकांनी जगाला खरोखर काय दिले याचा विचार करावयाचा असेल, त्याने मैदानापेक्षा मल्लशाळेत अधिक वेळ काढावा, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मत या लेखात सविस्तर मांडावे, अशी माझी इच्छा आहे.

या मल्लशाळेची रचना आजही जमिनीवर स्पष्ट दिसते. सुमारे ६६ मीटर बाजूची ही जवळजवळ समचौरस वास्तू इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात उभारली गेली. मधोमध उघडा चौक, चौकाच्या चारही अंगांना डोरिक धाटणीच्या ७२ स्तंभांची पडवी, आणि पडवीच्या मागे लहानमोठ्या दालनांची रांग, असा तिचा आराखडा. यातील बरेच स्तंभ पुन्हा उभे करण्यात आले असल्यामुळे चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाला पडवीची लय डोळ्यांनी अनुभवता येते. चौकाच्या उत्तर भागात खाचा असलेल्या फरशांचा एक पट्टा आढळला असून त्याचे प्रयोजन काय असावे याविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत. मागच्या दालनांचे सामान्य स्वरूप मात्र रोमन स्थापत्यज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात ग्रीक पद्धतीच्या मल्लशाळेचे जे वर्णन केले आहे, त्यावरून कळते: तेलाची खोली, धुळीची खोली, मुष्टियोद्ध्याने ठोसे मारावयाची पिशवी टांगण्याची खोली, थंड पाण्याचे स्नानगृह, आणि तीन बाजूंना बसण्याची सोय असलेली प्रशस्त दालने, जेथे तत्त्ववेत्ते, वक्तृत्वाचे आचार्य आणि विद्याव्यासंगी मंडळी बसून वाद करीत. मल्ल अंगाला ऑलिव्हचे तेल चोळी, त्यावर बारीक धूळ घेई, चौकात कुस्ती करी, आणि श्रम संपल्यावर काशाच्या वक्र खरडणीने तेल, घाम आणि माती यांचा थर खरवडून काढून स्नान करी. आपल्याकडे तालमीच्या हौद्यात लाल मातीत तेल, ताक आणि हळद मिसळून ती कमावणाऱ्या आणि जोड सुरू होण्यापूर्वी मूठभर माती अंगाला लावणाऱ्या पैलवानाला हा सारा विधी मुळीच परका वाटणार नाही.

मल्लशाळेला लागून असलेली व्यायामशाळा विस्ताराने फार मोठी, सुमारे २२० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद, आणि काळाने एका शतकाने धाकटी. तिच्या पूर्वेकडील दुहेरी स्तंभपंक्तीच्या छपराखाली धावण्याचा जो मार्ग होता, त्याची लांबी मैदानावरील शर्यतीच्या मार्गाइतकीच, म्हणजे सुमारे १९२ मीटर, ठेवण्यात आली होती. या एका बाबीत ग्रीक व्यवहारबुद्धीचे मर्म आहे. ज्या अंतरावर शर्यत व्हावयाची, त्याच अंतराचा सराव धावकाला भर उन्हात आणि भर पावसातही करता यावा, म्हणून एका संपूर्ण मैदानाच्या लांबीचे छप्पर उभारण्याचा खर्च कोणीतरी मान्य केला होता. आज त्या इमारतीचा पश्चिमेकडील भाग नाही. क्लाडिओस नदीने तो पोटात घेतला.

येथे कालगणनेकडे थोडे लक्ष द्यावयास हवे. ऑलिम्पियाच्या उत्सवाचा परंपरागत आरंभ इ. स. पूर्व ७७६ चा मानला जातो, आणि या दोन्ही वास्तू त्यानंतर निदान पाच शतकांनी बांधलेल्या आहेत. मग मधल्या काळात मल्ल सराव कोठे करीत? याचे उत्तर असे की तो सराव मुख्यतः ऑलिम्पियात होतच नसे. स्पर्धक आपापल्या नगरांत तयार होत, आणि उत्सवापूर्वीचा एक महिना एलिस या यजमान नगरात पंचांच्या नजरेखाली घालवून मग ऑलिम्पियाची वाट धरीत. ऑलिम्पिया हे केवळ शेवटचे ठाणे. मूळ ठिकाण प्रत्येकाच्या गावातली मल्लशाळा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीस पालथा घालणाऱ्या पॉसेनियसने फोकिस प्रांतातील पॅनोपेउस नावाच्या गावाविषयी लिहिताना, जेथे सरकारी कचेऱ्या नाहीत, व्यायामशाळा नाही, नाट्यगृह नाही, बाजारचौक नाही आणि वाहत्या पाण्याची सोय नाही, त्या वस्तीला नगर म्हणावे तरी कसे, अशी शंका व्यक्त केली आहे. कचेरी, बाजार आणि पाणी यांच्या पंक्तीला व्यायामशाळा बसविणारी ही यादी मला ऑलिम्पियाच्या सर्व विजेत्यांच्या नामावळीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एका समाजाने नगरपणाची कसोटी कशात मानली होती ते प्रकट झाले आहे.

ही कसोटी केवळ भावनेची नव्हती. तिच्यामागे कायदा, जमाखर्च आणि दप्तर होते. उत्तर ग्रीसमधील प्राचीन बेरोया, म्हणजे आजचे व्हेरिया, येथे १९४९ साली एक शिलालेख सापडला, ज्याच्या दोन्ही बाजूंवर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील व्यायामशाळेचा संपूर्ण कायदा कोरलेला आहे. त्याचे प्रास्ताविकच वाचण्याजोगे आहे: ज्या ज्या नगरांत व्यायामशाळा आहेत, तेथे त्यांचे कायदे सरकारी दप्तरखान्यात ठेवलेले असतात, तेव्हा आपल्या नगरातही तसेच व्हावे, म्हणजे तरुणांना शिस्त लागेल आणि व्यायामशाळेचे उत्पन्न वाया जाणार नाही, असा त्याचा आशय. मुख्याधिकारी तीस ते साठ या वयातला असावा. कुस्तीच्या वस्तादांनी, आजारपण किंवा अन्य अपरिहार्य अडचण नसेल तर, दिवसातून दोनदा नेमलेल्या वेळी हजर राहावे. बावीस वर्षांखालील तरुणांनी भालाफेक आणि धनुर्विद्या यांचा सराव रोज करावा. आत चोरी करणाऱ्यावर देवालयातील चोरीचा आरोप ठेवावा. मुख्याधिकाऱ्याने हिशेब नगराच्या तपासनिसांपुढे सादर करावेत. मल्लांच्या अंगावरून खरवडलेला तेल-घाम-मातीचा मळ औषधी मानला जाई आणि त्याला गिऱ्हाईक होते. तेव्हा त्या मळाच्या उत्पन्नाचा इजारा द्यावा, आणि इजारदाराने त्याच्या बदल्यात मल्लशाळेच्या राखणदाराची तजवीज करावी, इतक्या बारकाव्यापर्यंत हा कायदा उतरतो. सार्वजनिक पैशाची काळजी याहून अधिक कोणी करावी अशी अपेक्षा मला कोणत्याही नगरपालिकेकडून करता येणार नाही.

याच कायद्यात हर्मिस देवाच्या वार्षिक उत्सवाची कलमे आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण शिलालेखाचा आत्मा त्यांत आहे. या उत्सवात धावण्याची शर्यत असे, परंतु तिच्या जोडीला आणखी तीन बक्षिसे ठेवलेली होती: एक सुदृढ देहाला, एक शिस्तीला, आणि एक श्रमशीलतेला. चालू वर्षात सरावाचे कष्ट सर्वांत अधिक कोणी घेतले, याचा निर्णय मुख्याधिकाऱ्याने शपथपूर्वक द्यावयाचा. जो शर्यतीत मागे राहिला, ज्याचा देह निसर्गतः मल्लाचा नाही, परंतु जो वर्षभर एकही दिवस न चुकविता आला, त्याच्यासाठीही या नगराने एक मान राखून ठेवला होता. शाळाशाळांतून क्रीडामहोत्सव साजरे करणाऱ्या आपल्या शिक्षणखात्याने यावर चिंतन करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशा संस्थेचे रोजचे जीवन कसे असे, याच्या खुणा इतर अवशेषांतही विखुरलेल्या आहेत. डेल्फीची व्यायामशाळा अपोलोच्या देवालयाखालच्या उतारावर, कास्टालिया झऱ्याच्या जवळ, दोन पायऱ्यांत बांधलेली आहे: वरच्या सपाटीवर छपराखालचा आणि उघडा असे धावण्याचे दोन मार्ग, खालच्या सपाटीवर मल्लशाळा आणि थंड पाण्याचे सुमारे दहा मीटर व्यासाचे वर्तुळाकार स्नानकुंड. तेथील इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एका हिशेबाच्या शिलालेखात उत्सवापूर्वी धावण्याची जमीन खणून भुसभुशीत करणे आणि सपाट करणे यांसारख्या कामांचे मक्ते कोणाला किती रकमेला दिले, याच्या नोंदी आहेत. देवाच्या भविष्यवाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या क्षेत्रात कुदळीचा आणि घमेल्याचा हा हिशेब वाचताना मला भविष्यवाणीपेक्षा अधिक आदर वाटतो. आशिया मायनरमधील प्रिएनी नगराच्या खालच्या व्यायामशाळेत तरुणांच्या वर्गाच्या भिंतीवर शेकडो मुलांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत, ‘ही अमक्याची जागा’ अशा आशयाने. आणि शेजारच्या स्नानाच्या खोलीत सिंहमुखांतून पाणी कुंड्यांत पडण्याची सोय केलेली होती, ती सिंहमुखे अजून भिंतीत आहेत. आपल्या सीमेपासून तुलनेने जवळ, उत्तर अफगाणिस्तानात आमू दर्या आणि कोकचा यांच्या संगमावर, आय खानुम या ग्रीक नगराच्या अवशेषांत फ्रेंच उत्खनकांना व्यायामशाळा मिळाली, आणि तेथे हर्मिस व हेराक्लिस या व्यायामशाळेच्या दोन देवांना उद्देशून ट्रिबॅलोस आणि स्ट्रॅटॉन या दोन भावांनी अर्पण केलेला लेखही मिळाला. मायदेशापासून इतक्या अंतरावर वसाहत करणाऱ्या माणसांनी आपल्याबरोबर हीच संस्था आणली.

परंतु या स्तुतीला दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या बेरोयाच्या कायद्याचा मी गौरव केला, तोच कायदा आत कोणाला येऊ द्यावयाचे नाही याचीही यादी देतो: दास, मुक्त झालेला दास, या दोघांचे पुत्र, बाजारात धंदा करणारा, मद्यपी, वेडा, आणि आणखी काही, जाणूनबुजून अशांना प्रवेश देणाऱ्या मुख्याधिकाऱ्याला एक हजार द्राक्मा दंड. अथेन्समध्येही दासाने मल्लशाळेत व्यायाम करू नये आणि अंगाला तेल लावू नये, असा निर्बंध कायदेकार सोलोनच्या नावाने प्रचलित होता. स्त्रियांना तर स्पार्टासारखा अपवाद सोडल्यास हे दार सामान्यतः बंदच होते. पुढे रोमन अमलाखालील मिसरात व्यायामशाळेशी संबंधित असणे हा एक विशेषाधिकार बनला, आणि त्या वर्गात नाव दाखल करण्यासाठी मुलाच्या बापाला आपली आणि पत्नीची वंशावळ कागदोपत्री सिद्ध करून द्यावी लागे. म्हणजे जी संस्था देहाच्या मोकळेपणासाठी निर्माण झाली, तीच जन्माचा दाखला मागणारी कचेरी बनली. ज्या भूमीत सार्वजनिक पाणवठा आणि देवळाचा गाभारा यांच्याबाबत असेच झगडे करावे लागले, त्या भूमीतील माणसाने हे वाचून स्वतःला ग्रीकांहून श्रेष्ठ समजण्याचे कारण नाही, तसेच ग्रीकांची थोरवी सांगताना त्या बंद दारासमोरून नजर खाली घालून जाण्याचेही कारण नाही. संस्थेची कल्पना घ्यावी आणि तिची यादी फाडून टाकावी, एवढाच मार्ग मला प्रशस्त दिसतो.

मल्लशाळेतील ती बसण्याची दालने हा सर्वांत विचारप्रवर्तक भाग होय. अथेन्सच्या तटाबाहेर तीन प्रसिद्ध व्यायामशाळा होत्या, आणि त्यांपैकी दोहोंची नावे आज जगातील विद्यापीठांनी आणि विद्यालयांनी आपलीशी केली आहेत: अकादमी, जेथे प्लेटोने इ. स. पूर्व ३८७ च्या सुमारास आपले अध्यापन मांडले, आणि लायकिऑन, जेथे ॲरिस्टॉटल इ. स. पूर्व ३३५ पासून शिकवू लागला. अकादमीची जागा पूर्वी रुक्ष होती. सेनापती किमॉनने तेथे पाणी आणून, झाडे लावून आणि धावण्याच्या वाटा आखून तिला सावलीचे उपवन बनविले, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. म्हणजे तत्त्वज्ञान आले ते धावणाऱ्यांसाठी लावलेल्या झाडांच्या छायेत. प्लेटोच्या एका संवादाचा आरंभच सॉक्रेटिस अकादमीकडून लायकिऑनकडे तटाच्या कडेने चालत निघाला असता त्याला नव्या मल्लशाळेत बोलावून नेतात, अशा प्रसंगाने होतो. अर्धवट घामेजलेल्या तरुणांना मैत्री म्हणजे काय, संयम म्हणजे काय, हे प्रश्न विचारावयाचे असतील तर ते तेथेच विचारावे लागतात जेथे ते तरुण असतात, हे त्या वृद्धाने ओळखले होते. इ. स. पूर्व ८६ साली अथेन्सला वेढा घालून बसलेल्या रोमन सेनापती सुल्लाने वेढ्याच्या यंत्रांसाठी या दोन्ही उपवनांतील वृक्ष तोडून नेले. लायकिऑनचे ठिकाण पुढे विस्मृतीत गेले आणि १९९६ साली नव्या इमारतीसाठी चाललेल्या खोदकामात त्याच्या मल्लशाळेचे पाये हाती लागले. २०१४ पासून ते लोकांना पाहता येतात. तेथे चौथऱ्यांच्या रेषांपलीकडे फारसे काही उभे नाही, आणि तरीही मला अथेन्समधील इतर अनेक प्रेक्षणीय स्थळांहून ते अधिक प्रिय आहे.

याच ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात व्यायामाविषयी जे विवेचन केले आहे, ते आपल्या आजच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी शांतपणे विचारात घ्यावे असे आहे. ऑलिम्पियाच्या विजेत्यांत कुमारवयात जिंकलेला आणि प्रौढपणीही जिंकलेला मनुष्य दोघा-तिघांपलीकडे सापडणार नाही, असे निरीक्षण तो नोंदवितो, आणि त्याचे कारण असे देतो की कोवळ्या वयात लादलेल्या कठोर सरावाने मुलांची शक्तीच क्षीण होते. वयात येईपर्यंत हलका व्यायाम, त्यानंतर तीन वर्षे इतर विद्या, आणि मगच कठोर श्रम व कडक आहार, हा त्याचा क्रम. बुद्धी आणि देह यांना एकाच वेळी कष्टवू नये, कारण एकाचे श्रम दुसऱ्याला अडथळा करतात, असेही तो म्हणतो. व्यायामशाळेत बसून शिकविणाऱ्या या तत्त्ववेत्त्याने दोहोंची सरमिसळ केली नाही. दोहोंना एकाच अंगणात जागा दिली, पण प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र काळ दिला. आपल्याकडे पहाटे धावण्याचा मार्ग, दुपारी शाळा आणि रात्री शिकवणी यांच्या फेऱ्यात दहा-अकरा वर्षांचे मूल भरडले जाते, आणि त्यालाच सर्वांगीण विकास असे नाव दिले जाते. दोन सहस्र तीनशे वर्षांपूर्वीचा हा इशारा त्या मुलाच्या बाजूने उभा राहतो.

खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु कराडजवळच्या गोळेश्वरात त्यांना कुस्तीचे पहिले धडे देणारे त्यांचे वडील दादासाहेब, तेथील आखाडे, आणि प्रवासखर्चासाठी वर्गणी देणारी गावकरी मंडळी यांचा उल्लेख क्वचितच होतो. पदकाचा दिवस एक असतो आणि त्यामागचे दिवस हजारो. त्या हजारो दिवसांसाठी जागा, पाणी, तेल आणि वस्ताद पुरविण्याची जबाबदारी ग्रीक नगरांनी सार्वजनिक मानली. आपल्या शहरांत विकास आराखड्यावर क्रीडांगण म्हणून हिरवा दाखविलेला तुकडा पुढे कोणत्या ना कोणत्या कारणाने दुसऱ्याच कामी लागतो, आणि त्याविरुद्ध बोलणारा नागरिक विकासविरोधी ठरतो. पॉसेनियसची ती यादी हाती घेऊन आपल्या एखाद्या वाढत्या शहरात फिरावे आणि कचेरी, बाजार, नाट्यगृह, पाणी अशा खुणा करीत जावे. व्यायामशाळेच्या नावापुढे आपण काय लिहिणार आहोत, याचा विचार नगरसेवकांनी पुढील अंदाजपत्रकाच्या आधी करावा.

बेरोयाचा तो शिलालेख शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत सटीप वाचला जावा, त्यातील हिशेबाची आणि श्रमशीलतेच्या बक्षिसाची कलमे क्रीडाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात समाविष्ट व्हावीत, ही माझी मागणी आहे. मूळ दगड व्हेरियाच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. ग्रीसच्या नेहमीच्या सहलींत ते गाव नसते, पण थेस्सलोनिकीहून तेथे सहज जाऊन येता येते. ऑलिम्पियाला निघालेल्या मराठी प्रवाशाने आपल्या कार्यक्रमात त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा, आणि ऑलिम्पियात पोहोचल्यावर वाटाड्याला उजव्या हाताच्या त्या चौकात निदान तासभर थांबावयास सांगावे.